पाचवा डोळा

कातारिनो परत आला आणि फेर्मिनाच्या गुडघ्यांचं दुखणं एका रात्रीत पळालं. वर्षभर जी बाई भिंतीला धरून उठत होती, ती पहाटेपासून अंगणात भिरभिरत होती आणि तिच्या तोंडात धाकट्या लेकाशिवाय दुसरं नाव नव्हतं. कातारिनोला जाड भाकरी चालत नाही. कातारिनोला मिरची बेताची लागते. शहरात राहून पोट नाजूक झालंय लेकराचं. लेकरू पस्तिशीचं होतं आणि ऊन अंगावर आलं तरी घोंगडीत घोरत होतं.

"आणि थोरल्याला काय चालतं, ते कधी बोलला नाहीत आई," बासिलिया म्हणाली. थोरला म्हणजे तिचा नवरा, एलिहियो. तो डोंगरातच राहिला, मक्याचं शेत त्यानं केलं, म्हातारा-म्हातारीचं दुखलंखुपलं त्यानं पाहिलं, आणि त्याचं पोट नाजूक आहे की दगडाचं, हे या घरात कुणी विचारलं नव्हतं.

"त्याला काय धाड भरलीये? तो काहीही खातो."

"काहीही कुठं? सणाच्या आधी महिनाभर अळणी खातो तो. दर वर्षी." बासिलिया हे हातातल्या पिठाकडे बघत म्हणाली. तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवायचे उंडे, बांधायला घेतलेला मक्याचा पाला ओतिलियाच्या हातात तसाच राहिला. ओतिलिया या घरची धाकटी सून. कातारिनो शहरात राहत असल्यामुळं ती सून तेवढी उरली होती, बायको म्हणून तिला कुणी विचारत नव्हतं.

आज ढोलाचा सण होता. नवा मका आणि नवे भोपळे देवीपुढे ठेवल्याशिवाय कुणी तोंडात घालायचे नाहीत. पाच वर्षांच्या आतल्या पोरांनी दिवसभर ढोलापाशी बसून खुळखुळे वाजवायचे, आणि फेर्मिनाच्या नवऱ्यानं, म्हाताऱ्या नेमेसियोनं, गाता गाता त्यांची पाखरं करून त्यांना पूर्वेच्या वाळवंटात, विरिकुताला, देवांच्या भेटीला नेऊन आणायचं. ओतिलियाच्या हैवीमाचा हा शेवटचा ढोल. सकाळपासून ती नवा झगा घालून, गालावर पिवळे ठिपके काढून ज्याला त्याला खुळखुळा दाखवत फिरत होती.

आमच्याकडे मूल झालं की बाप दोन काड्यांची फुली बांधून तिच्यावर रंगीत लोकर गुंडाळत एक डोळा विणतो. पुढं दर वर्षी आणखी एक, सगळे एकाच काठीला. त्यातून देव त्या मुलाकडे बघतात. पाच डोळे पुरे झाले की मूल देवीच्या पदराखालून सुटलं, बाप नेईल तिकडं जायला मोकळं झालं. तोवर त्याला डोंगर उतरवायचं नाही. हैवीमाच्या काठीला चार डोळे होते आणि पाचवा आज कातारिनो स्वतः विणून चढवणार होता.

"उद्या सकाळी निघणार आहे तो," फेर्मिना ओतिलियाला म्हणाली. "पोरीचं गाठोडं बांधून ठेव. शाळेत घालणार आहे तिला, ग्वादलाहाराला."

"आणि माझं गाठोडं?"

"तुझं तू बघ बाई. तिथं त्याची ती लूर्देस आहे. एका चुलीवर दोघी कशा राहणार?"

"म्हणजे पोर माझी आणि न्हाऊ-माखू घालणार लूर्देस."

"बाप आहे तो! तीन वर्षं येता आलं नाही, तरी एकही वर्ष डोळा चुकवला नाही त्यानं. ट्रकवाल्याच्या हाती का होईना, पाठवलाच. पोराचं मन कळतं त्यातून." फेर्मिनानं पदराला डोळे पुसले. "असा बाप या डोंगरात दुसरा दाखव."

ओतिलियाला आपणच शिजवलेलं आपल्याला वाढलं जातंय असं वाटलं. तीन वर्षांपूर्वी कातारिनोचा निरोप आला होता की जमणार नाही. तेव्हा पोरीला विंचू चावून जेमतेम चार दिवस झाले होते आणि तिचा श्वास अजून नीट नव्हता. ओतिलिया तडक दिराकडे गेली होती. दादा, तुम्ही विणा, तिला असं आंधळं सोडू नका. एलिहियो आधी नाही म्हणाला. मग त्यानं पोरीकडे पाहिलं आणि काड्या तासायला घेतल्या. महिन्याभरानं तो डोळा घेऊन ती सासूपुढे आली आणि म्हणाली, ट्रकवाल्यानं आणून दिला. दुसऱ्या वर्षी तसंच सांगितलं. तिसऱ्या वर्षी तर सासूच दारात उभी राहून विचारायला लागली, आला का गं माझ्या लेकाचा डोळा?

नवऱ्याचं नाव राखायला सांगितलेलं खोटं आता त्याच नवऱ्याच्या हातात पोरीला देत होतं. तिनं पाला बांधला आणि दुसरा घेतला.

*

एलिहियो देवघराच्या मागं ढोल शेकत होता. तीन पायांचा तो लाकडी ढोल, त्याच्या पोटाखाली चिडाच्या लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या आणि कातडं तापून आवाज चढेपर्यंत मधूनमधून थाप मारून बघायची. कातारिनो तोंड न धुताच तिथं आला. देवघरातून त्यानं हैवीमाची काठी उचलून आणली होती. मधला डोळा त्याचा स्वतःचा, पोर जन्मली तेव्हाचा. बाकीच्या तिघांवरून त्यानं अंगठा फिरवला.

"चांगले विणलेत मी," तो म्हणाला. "नाही का दादा?"

एलिहियोनं ढोलावर थाप मारली. आवाज अजून बसका होता.

"आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मला काही कळेचना. म्हणे, तुझा डोळा मिळाला रे, किती बारीक काम. मी म्हटलं, बरं झालं मिळाला. दुसरं काय म्हणणार?"

"नाही पाठवला, असं म्हणायचं."

"आणि ओतिलियाला खोटी पाडायची? मी इतका वाईट नाही."

"मग आज बाबांना सांग. तूच सांग. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही."

"बरं दिसणार नाही?" कातारिनो हसला. "अरे, डोळा कोण विणतो हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तू उभा राहून म्हणालास की हे मी विणले, तर लोक काय हिशेब करतील? मी एक शब्द बोलणार नाही. लोकच बोलतील. पोरीच्या नाकाकडे बघतील, तुझ्या नाकाकडे बघतील. आपली नाकं सारखीच आहेत, बाबांवर गेलेली."

एलिहियोचा हात ढोलावर तसाच राहिला. कातडं चांगलंच तापलं होतं तरी त्यानं तो उचलला नाही.

"तिला ठेव इथं," तो शेवटी म्हणाला. "तू नेलीस तर ओतिलिया जगायची नाही."

"ओतिलियाची काळजी तुला."

"तुला नाही म्हणून."

हे कातारिनोला लागलं. आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी लागलं. त्याला सांगावंसं वाटलं की दर वर्षी त्यानं काड्या घेतल्या होत्या. खोलीचं दार लावून तो बसला होता. पण त्याचा धंदाच लोकरीचा. फळीवर मेण थापायचं, अंगठ्याच्या नखानं एकेक धागा त्यात दाबून बसवायचा, हरणं, सूर्य, मका, गिऱ्हाइकाला हवं ते. डोळ्याचे चार वेढे झाले की मन म्हणे, इथं गुलाबी घाल, परदेशी लोकांना गुलाबी आवडतो. आणि बाबांनी दोघा भावांना शिकवलं होतं ते एवढंच, की मन पोरावरून हललं की हललं तिथवर उलगडायचं आणि पुन्हा सुरू करायचं. तो उलगडायचा. पुन्हा गुंडाळायचा. पुन्हा गुलाबी. शेवटी सगळं पिशवीत कोंबून तो बाहेर पडायचा. असला माणूस शहरात असाच राहिला तर त्याचं काय होईल याची त्याला भीती वाटत होती. या डोंगरातलं एक तरी माणूस त्याला जवळ हवं होतं. पण हे दादाला सांगण्यात काही अर्थ नव्हता. दादाला सगळं आधीच जमलेलं असतं.

"ही काठीपण नेणार आहे मी," त्यानं वेगळंच सांगितलं. "वसंतात प्रदर्शन आहे माझं. दारातच टांगणार. बापानं लेकीसाठी विणलेले पाच डोळे."

एलिहियोनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं ढोलावर थाप मारली आणि आवाज चढला होता म्हणून ढोल उचलून अंगणात नेला.

*

दुपार कलायला लागली तसं नेमेसियोचं गाणं थांबलं. पोरं पेंगत होती. एकाचा खुळखुळा गळून घरंगळला तसा त्याच्या आईनं पुन्हा हातात दिला. वाडीतली माणसं, शेजारच्या डोंगरावरची सोयरी, सगळी अंगणात दाटीवाटीनं बसली होती. म्हाताऱ्यानं पिसांची काठी मांडीवर ठेवली, मक्याच्या आंबलेल्या पेजेचा घोट घेतला आणि धाकट्या लेकाला पुढं बोलावलं.

नेमेसियोच्या घराण्यात पाचव्या डोळ्याआधी बापाला उभं करून विचारतात, कुठल्या डोळ्यात काय मागितलंस? त्या मागण्या गाणाऱ्यानं गाण्यातून देवांपर्यंत न्यायच्या असतात. नेमेसियोनं हा प्रश्न किती बापांना विचारला असेल त्याची मोजदाद नाही, पण आज तो विचारायची त्याला लाज वाटत होती. दोन वर्षांपूर्वी कणगीमागं एलिहियो मांडीवर लोकर घेऊन बसलेला त्यानं पाहिला होता. ओठ हलत होते आणि हात गुंडाळलेलं उलगडत होते. म्हातारा आल्या पावली परतला होता. देव धागा बघतात, हात कुणाचा ते बघत नाहीत, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. खरं तर हा दिवस उगवायच्या आत आपण मरून जाऊ असा त्याचा अंदाज होता.

"पहिल्या डोळ्यात काय मागितलंस?"

"ती जन्मली तेव्हा रडत नव्हती," कातारिनो म्हणाला. त्याचा आवाज एकदम वेगळा आला. "निळी पडली होती. मी म्हटलं, हिला रडू दे. एकदाच रडू दे, पुन्हा काही मागणार नाही."

 ओतिलियालासुद्धा ती पहाट आठवली आणि तिला त्या माणसाचा, जो तेव्हा होता त्याचा, उमाळा आला.

"दुसऱ्यात?"

"पाय मागितले. खडकावरून न पडता चालणारे पाय."

दुसऱ्या डोळ्यात एलिहियोनं विंचवाचं विष मागितलं होतं. तिच्या अंगातलं उतरू दे, माझ्या अंगात येऊ दे. तो माणसांच्या मागं, देवघराच्या भिंतीला टेकून उभा होता. आपण चोर आहोत असं त्याला वाटत होतं, आणि चोरी तर आपल्याच घरी झाली होती.

"तिसऱ्यात?"

"अक्षरं. तिनं शिकावं, आमच्यासारखं अंगठाबहाद्दर राहू नये."

बायकांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. फेर्मिनानं शेजारणीच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला, ऐकलंत ना?

"चौथ्यात?"

"तिला माझ्याकडे यायची ओढ वाटू दे, एवढंच." कातारिनो आता रंगात आला होता. "दूर राहणाऱ्या बापानं दुसरं काय मागायचं?"

चौथ्या डोळ्यात एलिहियोनं मागितलं होतं की हिचा बाप परत येऊ दे. त्याच्या सगळ्या मागण्यांतली तेवढी एक तंतोतंत पोचली होती.

"भावजी," बासिलिया उठून उभी राहिली. "एक विचारू का?"

"खाली बस," एलिहियो मागून म्हणाला.

"का बसू? माझ्या दिराला विचारतेय, तुम्हाला नाही. भावजी, डोळा विणायचा म्हणजे मीठ सोडावं लागतं, बायकोपासून लांब निजावं लागतं. शहरात जमलं ना तुम्हाला हे सगळं? नाही, जमलं असेल तर चांगलंच आहे. मी विचारते अशासाठी, की आमच्या घरात तीन वर्षं याच दिवसांत एक माणूस अळणी खातो. अंगणात निजतो. कुणासाठी, ते त्यानं बायकोला सांगितलेलं नाही."

"बासिलिया, सणासुदीचं काय हे?" फेर्मिना ओरडली.

"माझ्याही घरात सण होता एकदा, आई." बासिलियाचा आवाज फाटला. "माझ्या पोराचा दुसरा डोळा या माणसानं एका दुपारी उरकला होता. मित्रांशी गप्पा मारत, पेज पीत. मी म्हटलं, अहो, लक्ष द्या जरा. तर म्हणे, हात चालतोय ना. तिसऱ्या डोळ्याला पोर राहिलंच नाही माझं. आणि आता हा महिना महिना बसतो. कुणाच्या पोरासाठी बसतो, हे मला नको कळायला?"

 एकेक करून माना वळल्या आणि सगळ्या ओतिलियाकडे येऊन थांबल्या. मग हैवीमाकडे गेल्या. ती ढोलाला टेकून झोपली होती.

ओतिलियानं नवऱ्याकडे पाहिलं. कातारिनो जमिनीकडे बघत उभा होता. तो काही म्हणणार नव्हता. तोंड उघडायची त्याला गरजच नव्हती, ती गप्प राहिली तर पोर जाणार होती आणि खरं बोलली तर पोरीच्या कपाळावर कायमचा डाग बसणार होता. तिनं भिंतीशी उभ्या असलेल्या दिराकडे पाहिलं. एलिहियोनं तोंड उघडलं होतं. तो आता बोलणार, सगळं सांगणार, हे तिला त्याच्या खांद्यांवरून कळलं. मग मात्र ती थांबली नाही.

"मी विणले," ती म्हणाली.

"काय?" नेमेसियोनं विचारलं.

"मधला तेवढा ह्यांचा. बाकीचे तिन्ही माझे. ह्यांनी काही पाठवलं नाही, कधीच नाही. ट्रकवाल्याचं मी खोटं सांगितलं. रात्री पोर निजली की मी विणायचे."

"अगं सटवे!" फेर्मिना किंचाळली. "बाईच्या हातचा डोळा? पोरीला आंधळी केलीस!"

"केली."

कातारिनोनं मान वर केली. नाही, ते मीच पाठवले, असं तो म्हणू शकला असता. पण सगळं अंगण बासिलियाचा प्रश्न मनात धरून त्याच्याकडे बघत होतं, आणि पुन्हा कुणी मिठाबद्दल विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं मान पुन्हा खाली घातली.

नेमेसियोला आपल्या धाकट्या सुनेच्या खोटेपणाचं नवल वाटलं. इतकं सरळ खोटं त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यानं थोरल्याकडे नजर वळवली.

"एलिहियो. तू मीठ कुणासाठी सोडतोस?"

एलिहियोनं ओतिलियाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती. मग त्यानं बायकोकडे पाहिलं.

"आमच्या पोरासाठी," तो म्हणाला. "जे गेलं त्याच्यासाठी."

बासिलिया उभीच राहिली. तिचा त्यावर विश्वास बसला नव्हता आणि तिला विश्वास ठेवायचा होता, हे दोन्ही तिच्या तोंडावर एकाच वेळी दिसत होतं. थोड्या वेळानं ती खाली बसली आणि तिनं डोक्यावरून फडकं ओढून घेतलं.

"मग ठरलं," नेमेसियो म्हणाला. तो थकला होता. "बापाच्या हातचा नाही तो डोळा नाही. तीन उलगडा. मधला राहील. पोर अजून देवीकडेच आहे, तिला डोंगर उतरता येणार नाही. कातारिनो, तू इथं येऊन बस. मीठ सोड, रीतसर वीण, दर वर्षी एक. आजपासून बसतोस?"

"या वर्षी नाही जमायचं बाबा. प्रदर्शन आहे."

"कशाचं, बायकोनं विणलेल्या डोळ्यांचं?" मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. कातारिनोचे कान लाल झाले.

"एलिहियो," म्हातारा म्हणाला, "घरातला थोरला तू. तू उलगड."

हे म्हणताना नेमेसियोनं लेकाकडे पाहिलं नाही. पिसांची काठी उचलून तो पुन्हा गायला लागला. पोरांना परत आणायचं होतं.

*

उलगडायला बसला तेव्हा एलिहियोला टोक शोधावं लागलं नाही. प्रत्येक डोळ्याचं टोक कुठं खोचलंय ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं. हिरवा सुटला, मग पांढरा, मग तांबडा. कातारिनो पिशवी खांद्याला लावून जाताना त्याच्यापाशी थांबला. उद्या सकाळची वाट बघायची त्याची तयारी नव्हती.

"तू विणलेलं तुलाच उलगडायला लावलं तिनं," तो हळूच म्हणाला.

"जा आता."

"मी निदान तोंडावर मागत होतो, दादा."

एलिहियो उलगडत राहिला. फेर्मिना एक भोपळा आणि तमालचं गाठोडं घेऊन लेकाच्या मागं पळत ट्रकपर्यंत गेली. परत आली ती भिंतीला धरून.

माणसं पांगल्यावर ओतिलिया आली आणि दिरापासून चार हात लांब बसली. जवळ बसायची आता सोय नव्हती. तिसरा डोळा अर्धा उरला होता.

"दुसरा रस्ता नव्हता, दादा."

"मी बोलणार होतो."

"म्हणून तर मी आधी बोलले."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो," एलिहियो म्हणाला. "नाही म्हणालो असतो. पोर नेली असती तर नेली असती. पण देव तिच्याकडे बघत होते. मी बसवलं होतं त्यांना तिच्यापुढं. तू म्हणालीस, मी विणले, आणि ते सगळं गेलं."

"पोर राहिली ना!"

"कुणाची राहिली? चार वर्षांत तिचा बाप येणार नाही हे तुला ठाऊक आहे. मी आता काडीला हात लावला तर सगळा डोंगर बघेल. ज्यानं काही केलं नाही त्याचा एक डोळा राहिला तिच्याकडे."

ओतिलियाला रडू यायला हवं होतं, पण राग आला. सगळ्यांचाच आला, आणि सगळ्यांत जास्त या भल्या माणसाचा. हा देवांची गोष्ट करत होता आणि तिला फक्त उद्या सकाळी पोरीची वेणी घालायची होती.

"तुम्हाला काय," ती म्हणाली. "उद्यापासून बायकांत तोंड मला काढायचंय."

"खरंय." त्यानं शेवटचा वेढा सोडला. काड्या मोकळ्या झाल्या. "तिला आमच्याकडे पाठवत जाऊ नकोस आता. बासिलियानं आज माझं ऐकून घेतलंय. ते मला मोडायचं नाही."

"ती ऐकायची नाही. सकाळी उठली की तुमच्याकडेच पळते."

"ऐकेल. मूल आहे, विसरेल."

खाली घाटात ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. त्या आवाजानं हैवीमा उठली आणि डोळे चोळत अंगण ओलांडून आली. दगडी गडग्यापलीकडे वळणावर धूळ उठत होती, पण गडगा तिच्या डोक्याच्या वर होता.

"काका, उचला. बाबांचा ट्रक बघायचाय."

एलिहियो उठला होता. बासिलिया समोर दारात उभी होती, हातात भाकरीचं पीठ तसंच. ती बघत होती.

"आईला सांग," एलिहियो म्हणाला.

"आई नाही, तुम्ही. तुम्ही उंच आहात."

"आईला सांग म्हणालो ना."

तो आजवर तिच्यावर ओरडला नव्हता, त्यामुळं हे ओरडणं आहे हे तिला लगेच कळलं नाही. ती हात वर करून तशीच उभी राहिली. ओतिलियानं तिला बगलेत धरून उचललं. पोर जड झाली होती. गडग्यावरून तिचं तोंड वर येईपर्यंत ओतिलियाला टाचा उंच कराव्या लागल्या, आणि धूळ खाली बसेपर्यंत ती पोरीला तशीच धरून उभी राहिली. ती वळली तेव्हा जावेचं दार लागलं होतं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.